पंचविशीचं माप

मास्तरांचं एक ठाम मत होतं. माणूस खोटं बोलेल, टेप खोटं बोलणार नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हे एकदा तरी ऐकवत. आता हे सांगणारा माणूस जन्मभर टेप हातात धरूनच खोटं बोलत आला होता, ही गोष्ट वेगळी. पण ते खोटं धंद्यातलं होतं, आणि धंद्यातल्या खोट्याला मास्तर खोटं म्हणत नसत. कसब म्हणत.

ते कसब असं. पोट सुटलेलं गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की आधी श्वास आत ओढून धरतं. मान ताठ, डोळे वटारलेले, चेहरा पिकलेल्या टोमॅटोसारखा. मास्तर पोटाभोवती टेप फिरवत, आकडा बघत आणि मोठ्याने सांगत, "चौतीस." मग मशीनवर बसलेल्या आपल्या मुलीकडे न बघता हळूच खाकरत. एका खाकरण्याचे दोन इंच. दोनदा खाकरले तर चार. मुलगी आकड्यात खाकरणं मिळवून लिहून घ्यायची. गिऱ्हाईक चौतीस ऐकून खूश होऊन घरी जायचं, कपडा अडतीसचा शिवला जायचा, आणि तो अंगात सैलसर बसला की गिऱ्हाईक चारचौघांत सांगायचं, "मी काही सुटलेलो नाही. मास्तरांना विचारा."

असं सगळं सुखाने चाललेलं असताना एक दिवस मास्तरांनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या.

"बाबा, उजवी कुठाय?" मुलीने विचारलं.

"ती काय."

"ही डावी."

"मग ती."

"तीही डावीच."

मास्तरांनी दोन्ही बाह्या उलटसुलट करून पाहिल्या. बाह्या आपल्या म्हणण्यावर ठाम होत्या.

"उजेड कमी आहे," मास्तर म्हणाले.

"उजेड कालच्याइतकाच आहे. तुमचं वय झालंय, बाबा. आता कापायचं काम मी करते."

हे मास्तरांच्या वर्मी लागलं. दुकान तसं मुलीच्याच हातात गेलं होतं. शिलाई तिची, बटणाचा दोरा आणणं तिचं, गिऱ्हाइकांशी वाद घालणंही तिचंच. पण कापायच्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेली मोठी कात्री अजून मास्तरांची होती. ती त्यांच्या वस्तादांनी दिलेली. शिवतो तो कारागीर आणि कापतो तो मास्तर, असं वस्ताद सांगून गेले होते. कात्री गेली की मास्तर हे नुसतं नाव उरणार, हे मास्तरांना ठाऊक होतं.

बरीच वादावादी झाली. शेवटी मुलगी म्हणाली, "बरं. एकदा तब्येत तपासून घ्या. आणि डॉक्टरसाहेबांचा कोट यायचाय, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने करा. मी बोटसुद्धा लावणार नाही. तब्येत ठीक निघाली आणि कोट नीट झाला, तर कात्री तुमची. मी पुन्हा नाव काढणार नाही."

"लिहून ठेव," मास्तर म्हणाले. "ती कात्री माझ्याबरोबरच जाईल."

तपासणी झाली. रिपोर्ट आणायला मास्तर स्वतः गेले. डावीकडे त्यांचे आकडे होते, उजवीकडे 'योग्य मर्यादा' छापली होती. जो आकडा मर्यादेबाहेर, त्याच्यापुढे तारा. मास्तरांच्या रिपोर्टावर तारेच तारे. रक्तदाबाला तारा, साखरेला तारा, मूत्रपिंडाच्या कसल्याशा लांबलचक नावाला तारा. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तारे तिथेच होते.

रिपोर्ट देण्याच्या खिडकीत एक मुलगी बसली होती. मास्तर वाकले.

"ताई, एक विचारू?"

"विचारा ना, आजोबा."

आजोबा हा शब्द मास्तरांनी गिळला.

"हे उजवीकडचं माप कुणाच्या अंगावरून घेतलंय?"

"अंगावरून म्हणजे?"

"म्हणजे मापाला कुणीतरी उभा केला असेल ना. त्याशिवाय माप कसं येईल?"

खिडकीतल्या मुलीने जरा विचार केला. "बहुतेक निरोगी तरुण माणसांचं रक्त तपासून काढतात. पंचविशीतले वगैरे. आम्ही सगळ्यांना तेच छापतो."

"सगळ्यांना एकच?"

"हो. मशीनमध्ये तेवढंच भरलेलं आहे."

आता नीट बघा. एखाद्या तयार कपड्यांच्या दुकानदाराने म्हटलं असतं, की मी एका पंचविशीतल्या पोराचं माप घेतलंय आणि गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना त्याच मापाचा कोट देणार आहे, तर मास्तरांनी त्याला हसून हसून दुकानाबाहेर घालवला असता. पण इथे कागद होता, कागदावर छपाई होती, छपाईत तारे होते. छापलेल्या कागदापुढे भलेभले शहाणे गप्प होतात. मास्तरांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

तिथून ते डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर त्यांचे जुने गिऱ्हाईक, आणि मास्तर डॉक्टरांचे जुने पेशंट. दोघांनी एकमेकांना अंगाखांद्यावरून चांगलं ओळखलेलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट वरून खाली वाचला. "उत्तम आहे, मास्तर. तुमच्या वयाला एकदम उत्तम."

"आणि हे तारे?"

"ते तरुणांच्या मापाने पडलेत. तुम्हाला पंचविशीतलं मूत्रपिंड कशाला हवंय? आणि दाब एवढा असला तर बिघडत नाही. या वयात तो फार खाली ओढायचा नसतो. ती सकाळची अर्धी गोळी चालू राहू द्या. बास."

डॉक्टरांनी खरं तर त्यांना मोकळं केलं होतं. पण मास्तरांच्या कानात 'तुमच्या वयाला' एवढेच दोन शब्द शिरले. हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. विटलेला कोट कुणी दुरुस्तीला आणला की ते स्वतः म्हणत, "वापराच्या मानाने कापड चांगलं आहे." त्याचा अर्थ काय होतो, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार?

"बरं, माझा कोट," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कपाटातून कागदात गुंडाळलेलं कापड काढलं. करड्या रंगाचं, लोण्यासारखं मऊ. "पुढच्या महिन्यात विद्यार्थी सत्कार करतायत. माझ्या मोठ्या बहिणीने पाठवलं होतं हे. ठेवून ठेवून राहिलं. आता ती नाही. पुन्हा मिळायचं नाही हे कापड, मास्तर. सांभाळून."

"कोट, पँट आणि जाकीट?"

"जाकीट नको. उरलं तर उरू दे."

मास्तर कापड काखेत मारून निघाले. वाटेत त्यांनी ठरवलं, एकही तारा ठेवायचा नाही.

शेजारच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारा त्यांचा लंगोटीयार बसे. त्याला सगळे टिकटिक म्हणत. त्यानेही तपासणी करून घेतली होती.

"माझ्यात एकच तारा," टिकटिक म्हणाला.

"तुझ्यात? परवा तर जिन्यात मटकन बसला होतास."

"बसलो होतो. पण मर्यादेत बसलो होतो."

मग मास्तरांचा निश्चय अधिकच पक्का झाला.

घरी आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "उद्यापासून मीठ बंद."

मास्तरीणबाई भांडी पुसत होत्या. "कुणाचं?"

"माझं."

"तुमच्या बोलण्यात ते नाहीच. आता ताटातलंही जाऊ दे."

मीठ गेलं, साखर गेली, ताट निम्मं झालं. मूत्रपिंड धुऊन निघावं म्हणून मास्तर तांब्यावर तांबे पाणी पिऊ लागले. गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता अचानक "आलोच" म्हणून आत पळू लागले. दाब मोजायचं यंत्रही आणलं. दंडाला पट्टा बांधायचा, तो फुगतो, मग आकडा येतो. मास्तरांना ते यंत्र फार आवडलं. तोही एक प्रकारचा टेपच. चहाआधी मोजायचं, चहानंतर मोजायचं, मुलीशी वाद झाला की मोजायचं, वाद मिटला की पुन्हा मोजायचं.

आकडा मात्र हट्टी होता. खाली येईना. तेव्हा मास्तरांनी साधा हिशेब केला. अर्ध्या गोळीने एवढा उतरतो, तर अख्ख्या गोळीने किती उतरेल? सकाळी अख्खी सुरू केली. मग संध्याकाळ रिकामी कशाला सोडायची, म्हणून संध्याकाळी आणखी एक. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कारागीर आपली युक्ती सांगत नसतो.

आणि आकडे उतरायला लागले. आज काल‌च्यापेक्षा कमी, उद्या आजच्यापेक्षा कमी. पँटही कमरेवरून घसरायला लागली. मास्तर एकेक आकडा टिकटिकला नेऊन ऐकवत. आकडे पंचविशीकडे निघाले होते. मास्तर मात्र भिंत धरून निघाले होते.

सकाळी अंथरुणातून उठले की समोरचं कपाट जागचं हलून त्यांच्या अंगावर येई. ते भिंतीला टेकून उभे राहत.

"अहो, असे भिंतीला का चिकटलात?" मास्तरीणबाई विचारत.

"रंग बघतोय. द्यायला हवा."

"कधीपासून रंगाची काळजी पडली तुम्हाला?"

एक दिवस त्यांनी चमच्याऐवजी कापडावर रेषा मारायच्या निळ्या खडूने चहा ढवळला. चहा निळा झाला. बिनसाखरेच्या चहाला तेवढाच काहीतरी रंग, असं म्हणून ते प्यायलेही. पण मनात ते खूश होते. माणूस मापात बसत नसेल तर माप बदलायचं नाही, माणूस बदलायचा, हे तत्त्व त्यांना उतारवयात सापडलं होतं. ज्यांना तत्त्व उशिरा सापडतं, ते त्याला फार घट्ट धरून ठेवतात.

अशा दिवसांत डॉक्टरसाहेब माप द्यायला आले. आरशासमोर उभे राहिले आणि शिरस्त्याप्रमाणे श्वास ओढला.

"माझं माप घ्यायलाच नको खरं तर," ते त्या ओढलेल्या श्वासातूनच म्हणाले. "लग्नापासून चौतीस आहे."

मास्तरांनी पोटाभोवती टेप धरला. टेप स्वच्छ अडतीस म्हणत होता. मास्तरांच्या मनात आलं, मला म्हणतात 'तुमच्या वयाला'. आणि स्वतःला मात्र लग्नातलं माप. ठीक आहे. मिळेल.

"चौतीस," ते मोठ्याने म्हणाले.

मुलगी पेन्सिल धरून थांबली. खाकरणं आलं नाही. तिने वर पाहिलं. मास्तर पंख्याकडे बघत होते. तिने डॉक्टरांच्या पोटाकडे पाहिलं. ते खाकरण्याची वाट बघत असल्यासारखं दिसत होतं. तरीही नाही.

डॉक्टर गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, खाकरायचं राहिलं."

"राहिलं नाही. आता या दुकानात खाकरणं बंद."

"अहो, पण चौतीसमध्ये त्यांचा एक पाय नाही मावायचा."

"माणसाने मापाला यायचं असतं. मी आलो की नाही? सत्काराला अवकाश आहे. तेही उतरतील."

"बाबा—"

"या कोटाला बोट लावणार नाही, असं कोण म्हणालं होतं?"

मुलीने पेन्सिल खाली ठेवली. शब्द तिचाच होता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी टेबलावर ते करडं कापड पसरलं, खडूने रेषा मारल्या आणि खिळ्यावरची कात्री काढली. मुलगी मशीनवरून मान लांब करून बघत होती. रेषा बघून तिने मशीन थांबवलं. कुठलाही शिंपी कापताना शिवणीच्या आत थोडं कापड जास्तीचं राखतो. उद्या अंग वाढलं तर उसवून तेवढं सोडता येतं. त्याला माया ठेवणं म्हणतात. नवशिकासुद्धा माया ठेवतो. मास्तरांनी चौतीसची रेषा मारली होती, आणि कात्री अगदी रेषेवरून निघाली होती.

"माया?" तिला राहवेना.

"पंचविशीच्या मापाला माया कशाला?"

कात्री कचकच पुढे गेली. मुलीने टेबलाखाली पडलेलं जाकिटाचं उरलेलं कापड उचललं, नीट घडी घातली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं.

मग ट्रायलचा दिवस उजाडला. कोट कच्च्या टाक्यांवर उभा होता. डॉक्टरसाहेब आले. तमाशा चुकू नये म्हणून शेजारून टिकटिक आला. मास्तरीणबाई मास्तरांचा पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, कारण तो आता त्यांच्यामागून सगळीकडे हिंडत असे.

"हात मागे करा," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी हात मागे केले. बाह्या चढल्या. यावेळी एक डावी आणि एक उजवी होती, हे मास्तरांनी मुलीला डोळ्याने दाखवलंही. मग पुढचे दोन पल्ले ओढले. ते भांडलेल्या जावांसारखे एकमेकांपासून दूर उभे राहिले.

"जरा आवळ वाटतंय," डॉक्टर म्हणाले.

"नवीन कापड आहे."

"हो, नवीन कापड असतंच तसं."

"श्वास आत घ्या जरा."

"घेतलाय."

"आणखी."

डॉक्टरांनी आणखी घेतला. मास्तरांनी गुडघा टेकून जोर लावला आणि बटण काजात गेलं. डॉक्टर आरशासमोर ताठ उभे राहिले. चेहरा जांभळा, डोळे बाहेर.

"कसा वाटतोय?"

"छा," डॉक्टर म्हणाले. 'न' साठी हवा उरली नव्हती.

"डॉक्टरसाहेब मर्यादेत आले," टिकटिक म्हणाला.

मास्तर खाली बसले. कोटाच्या खालच्या काठाला टाचण्या लावल्या, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. काम पक्कं झालं होतं. तारे उतरले होते, कोट बसला होता, कात्री राहिली होती. त्या आनंदात ते पंचविशीच्या माणसासारखे ताडकन उठले.

आरसा फिरला. मशिनी फिरल्या. टिकटिक छताला लागला. मास्तरांनी हाताला येईल ते धरलं, आणि हाताला आले डॉक्टरांच्या कोटाचे दोन्ही पल्ले. डॉक्टर घाबरून ओरडले, "मास्तर." आता ओरडायचं म्हणजे श्वास सोडावा लागतो. त्या श्वासाला बराच वेळ बाहेर यायचं होतं. तो एकदमच आला. बटण उडालं आणि टिकटिकच्या चष्म्यावर आपटलं. कोट मागे मानेपासून खालपर्यंत टरकन उसवला, काखेत फाटला, आणि मास्तर खाली, त्यांच्यावर डॉक्टर, असा ढीग टेबलाखाली गेला. डॉक्टर टाचण्यांवर बसले असावेत. त्यांनी तसं सांगितलं नाही, पण ते फार लवकर उठले.

उठले ते मात्र डॉक्टर म्हणूनच उठले. दोन्ही दंडांवर अर्धा अर्धा कोट लोंबत होता, तसेच गुडघ्यावर बसून त्यांनी मास्तरांच्या दंडाला त्यांच्याच यंत्राचा पट्टा बांधला.

"नव्वदच्याही खाली," ते म्हणाले.

"काल जास्त होता," मास्तर पडल्या पडल्या पुटपुटले. आवाजात किंचित अभिमान होता. "आणखी उतरला."

"गोळी किती घेता?"

"अर्धी. सकाळी," मास्तरीणबाईंनी उत्तर दिलं.

मास्तर टेबलाच्या तळाकडे बघू लागले.

"मास्तर."

"अख्खी. सकाळी."

"आणि?"

"आणि अख्खी संध्याकाळी."

"मीठ?"

"बंद."

"चक्कर कधीपासून येते?"

"चक्कर नाही. भिंतीला रंग द्यायचा होता."

मास्तरीणबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी मास्तरांचे पाय उचलून स्टुलावर ठेवले आणि पावलं धरून बसल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बोलायची एकही संधी सोडली नव्हती. त्या गप्प बसलेल्या बघून मास्तर पहिल्यांदा घाबरले.

"आज गोळी नाही. मीठ घालून काहीतरी खायला द्या यांना, आणि हा तांब्या माझ्या नजरेआड करा," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी दवाखान्यात या, रक्त बघू." मग मात्र त्यांचा पारा चढला. "मास्तर, मी सांगितलं नव्हतं? ते माप तरुणांचं आहे म्हणून? पडला असतात आणि खुबा मोडला असता तर? तरुणाचं माप म्हाताऱ्याच्या अंगावर चढवलं तर दुसरं काय होणार? फाटणारच ना—"

बोलता बोलता त्यांची नजर आरशाकडे गेली.

टिकटिकने तोंड उघडलं. मास्तरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. टिकटिकने ते मिटलं.

"हे चौतीसच होतं ना?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"चौतीसच कापलंय," मास्तर म्हणाले.

"मग असं कसं झालं?"

आता मुलीला राहवलं नाही. "डॉक्टरसाहेब, तुम्ही लग्नात चौतीस होतात. त्यानंतर बाबा खाकरायचे." आणि तिने खाकरण्याचा सगळा हिशेब सांगून टाकला.

डॉक्टर स्टुलाच्या कडेवर टेकले. "मला किती?"

"आधी एकदा. हल्ली दोनदा."

"सगळ्यांनाच असं?"

"सगळ्यांना."

"मलाही?" टिकटिकने विचारलं.

"तुमच्या वेळी त्यांना उबळ लागते, काका."

डॉक्टरांनी दंडावरचं कापड चाचपलं. "म्हणजे माझ्याकडे चौतीसचा एकही कपडा नाही."

"एक आहे," मुलगी म्हणाली. "हा."

डॉक्टर हसले. पण कापड हातातून सोडेनात. उसवलेली कड बोटांनी जुळवत राहिले, जशी काही ती तशीच चिकटणार होती. "बहिणीच्या हातचं शेवटचं होतं," ते म्हणाले. ते कुणाला उद्देशून नव्हतं. मास्तरांना ते टेबलाखालून ऐकू आलं. टाके उसवले तर घालता येतात. पण उसवून सोडायला आत काहीच नव्हतं. माया त्यांनीच ठेवली नव्हती, आणि कुणी विचारलं तर तेवढं एक खाकरून झाकता येणार नव्हतं.

मास्तर म्हणाले, "जाकिटाचं कापड उरलं होतं."

"वरच्या फळीवर ठेवलंय," मुलगी म्हणाली.

"केव्हा ठेवलंस?"

"तुम्ही कापत होतात तेव्हा."

मास्तरांनी डोळे मिटले. "काखेखालून पट्ट्या घाल. दोन्ही अंगांना, खालपर्यंत. विणीची दिशा सांभाळ, म्हणजे जोड दिसणार नाही. पाठीला नवी माया धर."

"कापणार कोण?"

मास्तरांनी डोळे उघडले.

"खिळ्यावरची घे," मास्तर म्हणाले. "धार उजव्या पात्याला जास्त आहे. दाबू नकोस. ती आपली आपण चालते."

मुलीने कात्री काढली. मास्तरांनी मान वळवली नाही, पण कान तिकडेच ठेवले. कात्री चालू लागली. आवाज बरोबर होता. तो तसा बरोबर आहे याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

सत्काराच्या दिवशी डॉक्टरसाहेब कोट घालून मंचावर उभे राहिले. जोड कुठे आहे हे जिने घातला तिलाच कळावं, इतका सफाईने बसला होता. मास्तर पुढच्या रांगेत मीठ खाऊन, तरतरीत बसले होते. भाषणाच्या ओघात डॉक्टर म्हणाले, "इतक्या वर्षांत पुष्कळ गोष्टी बदलल्या. माझं माप तेवढं बदललं नाही."

टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत बाप आणि लेक एकदमच खाकरले. दोनदा. डॉक्टरांनी मंचावरून त्यांच्याकडे असं पाहिलं, की टाळ्या वाजवणाऱ्यांना वाटलं, त्यांचे डोळे भरून आले.

पुढे केव्हातरी मास्तरांची पुन्हा तपासणी झाली. यावेळी रिपोर्ट मुलीने परस्पर दवाखान्यात नेला. मास्तर डॉक्टरांसमोर बसले. आता कात्री मुलीची होती आणि त्यांच्या गळ्यात फक्त टेप होता.

डॉक्टरांनी रिपोर्ट आपल्याकडे वळवून धरला. "दाब," ते मोठ्याने म्हणाले, "एकशे दहा." आणि हळूच खाकरले.

मुलीने काहीतरी लिहून घेतलं.

"साखर. अगदी मर्यादेत." पुन्हा खाकरले.

तिने पुन्हा लिहिलं.

"मूत्रपिंड," डॉक्टर म्हणाले आणि रुमाल तोंडाशी धरून चांगले दोनदा खाकरले, "पंचविशीच्या पोराचं. काही करायचं नाही. अर्धी गोळी, जेवण पोटभर, मीठ बेताचं. जा, चहा घ्या."

मास्तर जागच्या जागी बसून राहिले. तो आवाज त्यांनी ओळखला. तो ओळखणार नाहीत तर कोण ओळखणार? त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर पंख्याकडे बघत होते. मुलगी लिहिण्यात गढली होती. मास्तर उठले, सावकाश उठले, आणि दारापर्यंत भिंत न धरता गेले.

तिथून ते तडक टिकटिकच्या दुकानात गेले.

"पंचविशीत आलो," ते म्हणाले. "डॉक्टरांनी स्वतः सांगितलं. एकही तारा नाही."

टिकटिकने डोळ्याचं भिंग काढलं. "मलाही सकाळी तेच म्हणाले. सगळं पंचविशीतलं."

मास्तर जरा जवळ सरकले. "खाकरले का रे?"

"सारखे," टिकटिक म्हणाला. "दवाखान्यात धूळ फार झालीय."

मास्तरांनी गळ्यातला टेप नीट केला. "झालीय खरी," ते म्हणाले. "मलाही तेच वाटलं."